फिल्टरचा डबा

वैजनाथरावांनी डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि त्याच्या बुडावर दोन चापट्या मारल्या. माती सुटली नाही. आठ वर्षं गवती चहाची मुळं त्या काळ्या प्लास्टिकला धरून बसली होती, ती दोन चापट्यांना थोडीच दाद देणार. मग त्यांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, कडेकडेने फिरवलं आणि अख्खा गड्डा दोन्ही हातांनी उचलून रंगाच्या रिकाम्या बादलीत ठेवला.

"बाबा, राहू द्या. संध्याकाळी आल्यावर मी करते," रुपाली गॅलरीच्या दारातून म्हणाली.

"तू नीघ. तुला हिंजवडी गाठायचीय. मला काय, इथून पेपरापर्यंतच जायचंय."

डबा कशाला हवाय, हे त्यांनी विचारलं नाही. गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी म्हणून जन्म घालवलेला माणूस. समोरच्याने आपणहून सांगितल्याशिवाय विचारायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली.

तो डबा रुपालीच्या गाडीचा होता. इंजिनात जाणारी हवा गाळणारा फिल्टर ज्यात बसतो, तो मूळचा, कंपनीने दिलेला डबा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अभिनवने तो काढून त्या जागी उघडा, लाल, शंकूसारखा फिल्टर बसवला. गाडी जास्त पळते, असं त्याचं म्हणणं होतं. गाडी पूर्वी पळायची तेवढीच पळत राहिली, फक्त गुरगुरायला लागली. काढलेला डबा सासूबाईंनी, सुशीलाबाईंनी, भंगारात जाऊ दिला नाही. प्लास्टिक जाड, आणि पाणी जायला आयतं भोक. त्यांनी त्यात गवती चहा लावला आणि डब्याचं झाकण खाली बशीसारखं ठेवलं.

पुढे अभिनव मेलबर्नला गेला. रुपालीने मागून जायचं ठरलं होतं. आधी व्हिसाचं काही निघालं, मग कंपनीचं काही, आणि शेवटी तिथलीच एक कुणी निघाली. घटस्फोट रीतसर झाला. त्याच वर्षी सुशीलाबाई गेल्या. अभिनव तेरा दिवस राहिला, गाडी रुपालीच्या नावावर करून गेला, आणि बिबवेवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये सासरा आणि सून नसलेली सून, असे दोघे उरले. या नात्याला काय म्हणायचं हे सोसायटीला कळत नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टींवर बोलायला सोसायटीला वेळच वेळ असतो. रुपाली त्यांना बाबाच म्हणत राहिली.

रोज संध्याकाळी पिठाच्या गिरणीच्या वळणावरून ती आत वळली की गाडीचा आवाज इमारतींमधून घुमायचा आणि तिसऱ्या मजल्यावर वैजनाथराव गॅलरीत यायचे. कठड्यावरून वाकून खाली बघायचे. ती गाडीतून उतरली की झटकन पाठ फिरवून आत. हात करणं नाही, हाक नाही. ती वर पोचेपर्यंत ओट्यावर बिनसाखरेचा चहा गाळून ठेवलेला असायचा आणि त्यांचं डोकं पेपरात असायचं.

त्या पाठ फिरवण्याचा अर्थ रुपालीने केव्हाच लावून टाकला होता. आवाज अभिनवचा, आणि उतरायची ती. मुलगा आज आला नाही, हे आपण रोज एका म्हाताऱ्या माणसाला कळवायला येतो, आणि तेही एवढा गाजावाजा करून. हे तिला सहन होईनासं झालं होतं.

वाकडला तिने एक फ्लॅट बघून ठेवला होता. ऑफिस जवळ, तिथे कुणी गॅलरीत येणार नव्हतं. रविवारी सकाळी अकरा वाजता भाडेकरारावर सह्या व्हायच्या होत्या. बाबांना सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती. आवाज बंद झाला की त्यांचं गॅलरीत येणं बंद होईल. मग आपण असलो काय, नसलो काय, त्यांना सारखंच, एवढी एकदा खात्री झाली की सांगता येईल, असं तिने ठरवलं होतं.

शनिवारी दुपारी मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर कासिमने गॅरेजात गाडीचं बॉनेट उचललं.

"लोक पैसे देऊन हे बसवून घेतात ताई. तुम्ही काढायला आलात."

"आवाज नकोसा झालाय."

"आवाजाचं सोडा. उन्हात गाडी मरते की नाही? हा उघडा फिल्टर इंजिनचीच गरम हवा ओढतो. कंपनीवाल्यांनी डबा उगीच नाही दिला. तो पुढून थंड हवा घेतो."

त्याने डबा उजेडात धरून फिरवला. कोपऱ्याकोपऱ्यातली माती गेली होती. खाचांमध्येसुद्धा काही उरलं नव्हतं.

"हा कुणी टूथब्रशने घासलाय. आमच्याकडे एवढा वेळ कुणाला असतो! कुणी केलं?"

"बाबांनी."

"तुमच्या वडिलांनी?"

रुपालीने डब्याच्या खाचेवरून बोट फिरवलं.

"हो," ती म्हणाली.

डब्याची एक क्लिप तुटली होती, तिथे कासिमने प्लास्टिकची पट्टी आवळली. रबरी नळी दुसऱ्या एका गाडीची होती, ती जुळवून घेतली. आत नवा कागदी फिल्टर ठेवला, झाकण दाबलं आणि गाडी चालू केली. दोघेही काही वेळ ऐकत उभे राहिले. ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"घ्या. आता गाडी चालू आहे की बंद, ते काटा बघून ठरवायचं." त्याने लाल फिल्टर पुसून पुढे केला. "हा?"

"तुमच्याकडेच ठेवा."

संध्याकाळी ती गिरणीच्या वळणावरून आत वळली. दोन मुली रस्त्यात बॅडमिंटन खेळत होत्या, त्यांनीही गाडी अगदी जवळ आल्यावर मान वळवली. वर गॅलरी रिकामी होती. रंगाची बादली तेवढी दिसत होती आणि तिच्यातली वाकलेली पाती.

खात्री झाली होती. तिला मोकळं वाटायला हवं होतं, ते वाटेना. ती स्टीअरिंगवर हात ठेवून नको तितका वेळ बसून राहिली. मग वर गेली आणि किल्लीने दार उघडलं.

वैजनाथराव ओट्यापाशी उभे होते. गॅसवर कोरडं पातेलं, हातात लायटर. ते दचकले.

"तू? आलीस कशी? रिक्षाने?"

"गाडीने."

"आवाज नाही आला."

"काढून टाकला. डबा त्यासाठीच हवा होता."

ते गॅलरीत गेले, वाकून गाडी बघून आले. मग हातातल्या लायटरकडे बघत म्हणाले,

"मग आता मला कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

"तू आल्याचं. चहा कधी टाकायचा मी?"

रुपालीने पर्स टेबलावर ठेवली. बोलायचं नव्हतं ते बोलून गेली.

"बाबा, तो आवाज अभिनवचा होता. तुम्हाला रोज वाटायचं, तोच आला."

"काहीतरीच काय." ते खरोखरच वैतागले. "अभिनव गिरणीपाशी तिसऱ्या गिअरातच रेटायचा. गाडी नुसती रडायची. तू दुसरा टाकतेस. इतकी वर्षं ऐकतोय, एवढं कळत नाही होय मला?"

"मग वाकून काय बघायचात?"

"जागा मिळते का ते. मोरेंची स्कूटर असते ना आडवी."

"आणि मी उतरले की लगेच आत?"

"गॅसवर चहा असायचा. उतू गेला तर ओटा पुसणार कोण?"

ती खुर्चीत बसली. नजर खाली ठेवून तिने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. वैजनाथरावांनी तेवढ्यात नळ सोडून स्वच्छच असलेला एक कप पुन्हा विसळला.

"वळणावर एकदा हॉर्न देत जा," ते पाठमोरे म्हणाले.

"शेजारचे बोलतील."

"बोलू देत. त्यांचा चहा कुठे टाकायचाय मला."

मग त्यांनी नळ बंद केला.

"ती बादली मात्र कामाची नाही. खाली भोक नाही, पाणी तुंबतंय. डब्याचं बरं होतं."

"भोकं पाडू तिला. उद्या अकरा वाजता."

"अकराच? भोकं पाडायला मुहूर्त काढलास की काय?"

रुपाली उठली, पातेल्यात दोन कप पाणी घेतलं आणि कात्री घेऊन गवती चहाची चार पाती आणायला गॅलरीत गेली.