बोटाखालची पट्टी

काशीराम शिवलकर आषाढात गेले आणि श्रावणात त्यांच्या खोलीची बेल पुन्हा वाजली.

त्यांची मुलगी मनस्वी तेव्हा स्वयंपाकघरात जेवत होती. बेल ऐकून तिचा घास हातातच राहिला. आई, सावित्री, मात्र निवांत उठली, तांब्याभर पाणी घेऊन रिकाम्या खोलीत गेली आणि जरा वेळाने परत आली.

"आई, हे कधीपासून?"

"पावसाची सर येऊन गेली की वाजते. तू जेव गो."

बेल मनस्वीनेच बनवली होती. ती मिरजोळ्याच्या एका कारखान्यात सर्किटं डिझाइन करायची. उभा जन्म जहाजावर काढलेल्या बाबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत राहिलं. त्या बोटाखाली तिने दाब ओळखणारी एक पट्टी ठेवली आणि पलंगाला नखाएवढं सर्किट बांधलं. त्यातल्या कम्पॅरेटरला एकच काम होतं. पट्टीकडून येणारं व्होल्टेज ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेलं का, एवढंच तो बघायचा. गेलं की स्वयंपाकघरात बेल. वीज तो इतकी कमी खायचा की बटणाएवढा सेल वर्षानुवर्षं पुरावा. बेल तुटक वाजली तर पाणी, लांब वाजली तर कूस बदलायची, हे आईने आणि बाबांनी आपसात ठरवलेलं. बोटातला जोर सरत गेला तशी मनस्वी बारीक स्क्रू फिरवून ती मर्यादा खाली खाली आणत गेली.

"दमट हवेने वाजतेय, आई," ती म्हणाली. "मर्यादा फारच खाली आहे. पट्टीने ओल धरली की सर्किटला वाटतं, बोट दाबलं."

"म्हणजे ते बोलावतायत, असंच वाटतं ना त्याला?" सावित्रीने तांब्या पालथा घातला. "मग जाऊन आलेलं बरं."

पण मनस्वीच्या डोक्यात दुसराच विचार आला. शेवटच्या आठवड्यात झड लागली होती आणि बेल सारखी वाजत होती. आई कौतुकाने सांगायची, आज किती बोलतायत बघ! ते बोलणं बाबांचं होतं, की पावसाचं?

सर्किट आणि पट्टी सोडवून तिने कारखान्यात नेली आणि तिथल्या बेलला जोडली. पट्टीवर तोंडाची वाफ सोडली. बेल तडतडत वाजली, थांबली, पुन्हा तडतडली. व्होल्टेज मर्यादेपाशी घुटमळत होतं, ना वर, ना खाली. हाच आवाज तिने घरी ऐकला होता, बाबांच्या अखेरच्या दिवसांत. त्यानंतर तिला धड झोप लागेना. मिक्सर थांबला, फ्रीज घुरघुरला, तरी ती दचकून खोलीच्या दाराकडे बघायची. आत मात्र जायची नाही.

शेवटी एकदा संध्याकाळी मासे साफ करताना तिने आईला शेवटच्या आठवड्यातल्या बेलबद्दल विचारलंच.

"तडतडायची ती?" सावित्री सुरी न थांबवता म्हणाली. "ते बोट न्हवतंच. मला काय कळत नाय? बोट यांचं कधीच निपचित पडलेलं."

"तरी तू जायचीस?"

"बेल त्यांना पण ऐकू यायची गो. वाजूनही कोणी आलं नाय, असं वाटलं असतं त्यांना."

त्या रविवारी मनस्वीने सर्किट परत पलंगाला बांधलं. काढून टाकायला आई तयार नव्हती. मात्र बांधण्याआधी स्क्रू फिरवून मर्यादा एवढी वर नेली, की धडधाकट माणसाने अंगठ्याने दाबल्याशिवाय वाजू नये. उरलेला पाऊस गेला, नवरात्र गेलं, बेल गप्प राहिली.

दसऱ्यानंतर उन्हं तापली. अंगणातली जमीन कोरडी ठणठणीत, दोरीवरचे कपडे कडकडीत. भरदुपारी माय-लेकी तांदूळ निवडत बसल्या असताना बेल वाजली. तडतड नाही. एकच, लांब, सलग.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सावित्री उठली नाही. बाबा गेल्यापासून बेल ऐकून मनस्वी त्या खोलीत गेली ती पहिल्यांदाच. पट्टी गादीवर पडली होती. तिने हात लावला, तर सुकी खडखडीत. तपासायचं मीटर बाहेर पिशवीत होतं. ते आणायला ती गेली नाही. पलंगाच्या कडेला बसली आणि गादीच्या खोलगट झालेल्या भागावर तळहात ठेवून राहिली.

"काय म्हणतायत?" आईने बाहेरून विचारलं.

"कूस बदलायचीय," मनस्वी म्हणाली. "ये, मला एकटीला नाही जमायचं."