हरणीचा श्वास

"ये गं हरणी, ये गं तांबू, दिस गेला डोंगराआड,
खाल्लं गवत, प्यालं पाणी, आता घराची वाट काढ…"

ही हाक हर्षालीने ऐकली तेव्हा ती पाटीवर अक्षरं गिरवत होती. वडील जामसरच्या पुढच्या एका पाड्यावर शाळामास्तर, शाळेला लागूनच राहायची खोली. दिवेलागणीला समोरच्या उतारावरून आधी हाक उतरायची, मग गुरं उतरायची. जणू त्या आवाजाचा दोर वळलेला होता आणि त्याचं दुसरं टोक गुरांच्या गळ्यात होतं. आवाज नवशीचा. पाड्याची गुरं तीच राखायची. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "गळा आहे की घुंगरू!"

मग एका पावसाळ्यात हर्षालीचा तान्हा भाऊ तापाने गेला. घर मुकं झालं. त्या मुकेपणात बाहेरची हाकही कधीतरी थांबली, ते तिला उमगलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी वडिलांनी जव्हारला बदली करून घेतली. पाडा मागे राहिला, हाक मात्र कानात बसून सोबत आली.

ती पोर मोठी झाली, पुण्याला शिकायला गेली आणि दोन हजार तीन साली त्याच पाड्यावर परत आली. गाईचे ढेकर मोजायला.

तिचा विषय ऐकून जव्हारच्या बाजारात लोक पोट धरून हसले होते. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. रवंथ करताना गाय ढेकर देते, ढेकरातून एक वायू निघतो, तो आभाळात साठून जग तापवतो. परदेशातल्या धष्टपुष्ट गाईंचे आकडे पुस्तकांत होते. कातळावरचं गवत खाऊन डोंगर चढणाऱ्या इथल्या डांगी जातीच्या गाईंना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. परक्या गाईंचे आकडे उचलून आपल्या गाईंच्या माथी मारायचे, हे हर्षालीला पटत नव्हतं. आपण गाईंच्या बाजूने आहोत, असं तिला मनापासून वाटायचं.

नवशी आता म्हातारपणाला टेकली होती. घरची एक गाय, जुन्या नावाचीच हरणी, आणि शेजाऱ्यांची चारदोन गुरं, एवढंच तिचं राज्य. बोलताना ती पदर तोंडावर धरी. दात पडले असतील, लाजत असेल, असं हर्षाली समजून चालली. आणि गुरांना आता ती हाक मारत नसे. काठीने बांबूच्या कुडावर टकटक करी, की गुरं आपली खाली मान घालून यायची.

पहिल्या दिवशी हर्षालीने नवशीच्या हरणीच्या तोंडाला दोरीची म्होरकी चढवली, नाकपुडीजवळ बारीक नळी आणली आणि नळी गळ्यातल्या, श्वास साठवणाऱ्या पांढऱ्या डब्याला जोडली, तेव्हा सगळा पाडा लोटला होता.

"बाई, टेलिफोन बसवला का गाईला?" नवशीचा नवरा सुकऱ्या म्हणाला. "हिचं बोलणं पार पुण्यात जाईल?"

"बोलली तं पहिली तुझीच तक्रार करंल, सुकऱ्या," शेजारची रखमी म्हणाली. "सांगंल, धनी दुपारभर झोपतो आन म्हातारीला डोंगरावर धाडतो."

हशा पिकला. हर्षालीने मग सगळ्यांना समजावून सांगितलं. श्वास, वायू, तापणारं आभाळ, वेळ चुकवणारा पाऊस. लोकांना पाऊस चुकल्याचं नव्याने सांगायला नको होतं. नवशीने पदराआडून विचारलं, "म्हणजे पाऊस बिघडला तो हिच्या श्वासानं?"

"एकट्या हिच्या नाही गं. मोटारी, कारखाने, आम्हा शहरातल्या माणसांचाच वाटा मोठा. पण गुरांचाही थोडा असतो म्हणतात. म्हणून तर बघायचं, कुणाच्या श्वासातून किती निघतं."

"आन जिच्या श्वासातून लय निघंल?"

"तिचं नाव वर कळवू!" हर्षाली हसत म्हणाली.

सगळे हसले. नवशीने हरणीच्या कपाळावर हात ठेवला होता. तो तिने बराच वेळ उचलला नाही.

वर्ष सरलं. प्रत्येक हंगामात हर्षाली यायची, काही दिवस डबे बांधायची, शेण गोळा करून वाळवायची, दळून पुण्याला न्यायची. बाकीच्या गाईंचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांच्या आसपास रेंगाळले. हरणीचा आकडा मात्र खाली गेला तो गेलाच. डबा गळका असेल म्हणून नवा बांधला, तरी तेच. तेच गवत, तोच डोंगर, तोच ओहळ, आणि हिचा श्वास मात्र निवळलेल्या पाण्यासारखा.

"ही गाय नाही, हर्षाली, हा तुझा प्रबंध आहे!" पुण्याहून बोलणाऱ्या तिच्या मार्गदर्शक सरांचा आवाज जव्हारच्या टेलिफोन बूथमध्ये मावत नव्हता. "तिला इकडे संशोधन केंद्रावर आणू. तिची वासरं वाढवू. टेम्पो पाठवतो. तेवढं मालकिणीकडून लिहून घे, की गाय निव्वळ चरण्यावर आहे. वरचा खुराक काही नाही."

श्रावण होता. हर्षाली पेढे घेऊन पाड्यावर आली. सुकऱ्याला तर आनंदाने उभंच राहवेना. "आमची गाय कॉलेजात चालली! मी तिसरीत बसलो होतो, तो तिथंच बसलो. नशीब काढलं जनावरानं!"

नवशीच्या हातातला पेढा हातातच राहिला. तिच्या डोळ्यांत एक चमक आली, पहाटेच्या चांदणीसारखी, आणि लगेच विझली.

"सगळ्यांत चांगला हिचाच निघाला?" तिने विचारलं.

"सगळ्यांत!"

"मंग तिला नेता कशाला? चांगली निघाली नं? चांगलीला तं सोडून देतात."

"तिथे तिला पक्कं छप्पर मिळेल, डॉक्टर मिळेल," हर्षाली म्हणाली आणि चाळण घेऊन ओहळावर गेली.

एकच काम उरलं होतं. या खेपेला सरांना शेणातल्या काड्यांची लांबी हवी होती, म्हणून शेण दळायचं नव्हतं, धुऊन बघायचं होतं. ओहळाचं पाणी तांबूस, खळखळतं. नेहमीप्रमाणे कुणीतरी बांबूची टोपली दगडाखाली दाबून पाण्यात ठेवली होती. त्या टोपलीशेजारच्याच खडकावर ती बसली, हरणीचं ताजं शेण चाळणीत घेतलं आणि वर पाणी सोडलं. हिरवा रंग वाहून गेला. काड्या राहिल्या. आणि काड्यांमध्ये, मोहरीएवढे, लालभडक, अख्खेच्या अख्खे…

तिने बोटाच्या टोकावर एक दाणा उचलला. नागली, म्हणजे नाचणी.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने दुसरी मूठ धुतली. लाल दाणे. तिसरी धुतली. लाल दाणे. चाळणीत कुणी कुंकू सांडल्यासारखे ते चमकत होते. गवतापेक्षा धान्यातून वायू कमी निघतो; गाईच्या पोटात धान्य जात असेल तर श्वास हलका होणारच. हे तर पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. सगळे आकडे, सगळे डबे, सरांचा तो बूथभर आनंद, सारं ओहळाच्या पाण्याबरोबर तिच्या डोळ्यांदेखत वाहून चाललं.

पण खरा प्रश्न पडला तो त्यानंतर. श्रावण! शेतात नागलीची रोपं आत्ताच लावलेली, बोटभर उंचीची. कणसं दिसायला अजून दिवाळीची वाट. घरातल्या कणगीचा तळ आषाढातच दिसतो. हे तिला कुठल्या पुस्तकातून वाचावं लागत नव्हतं, ती इथलीच होती. मग ही नागली कुठली? आणि ही गाईने खाल्ली, तर माणसांनी काय खाल्लं?

तिची नजर शेजारच्या टोपलीवर गेली. पाण्याखाली पांढरट चकत्या थरथरत होत्या. कडूकंद. रानातून खणून आणायचा, चकत्या करायच्या, कडूपणा निघून जाईस्तोवर वाहत्या पाण्यात ठेवायचा, मग शिजवून खायचा. दुसरं काही उरलं नाही की मगच खायचा. प्रत्येक खेपेला ती या टोपलीशेजारी बसून गाईचं पोट तपासत आली होती.

चाळण हातात तशीच ठिबकत, ती नवशीच्या दारात उभी राहिली.

"नवशीबाय, हरणीला नागली घातलीस?"

"नाय." पदर तोंडावर घट्ट झाला. "कुणाच्या शेतात तोंड घातलं आसंल."

"शेतात आत्ता कणसं कुठे आहेत गं?"

चुलीवर मडकं रटरटत होतं, त्याचा तुरट वास घरभर होता. सुकऱ्या विळ्याच्या मुठीकडे बघत राहिला.

"हे बघ," हर्षाली म्हणाली, "गाय नुसती चरली असं तू म्हणालीस, तर ते कागदावर जाईल आणि उद्या टेम्पो येऊन हरणीला नेईल. खुराक घातला म्हणालीस, तर टेम्पो येणार नाही, माझं सगळं काम मात्र बुडेल. बुडू दे. पण मला खरं ऐकायचंय."

"घातली बाई," सुकऱ्याच म्हणाला. "डबा बांधला का त्या दिवसांत रोज घालायची. पेरायच्या बियाण्यातली सुद्धा अर्धी मागं ठेवली. मी भांडलो हिच्याशी. म्हटलं, माणसा कंद खातेत आन गाय भाकरीची नागली खाते, उलटीच रीत! तं मला म्हणते, परीक्षा गाईची हाय, तुझी नाय. गप खा."

"बियाण्याची?" हर्षाली उंबऱ्यावर बसली. "पण का? मी कुठल्या गाईला काही करणार होते का? एक आकडा जास्त निघाला असता, कमी निघाला असता! नाव कळवू म्हटलं ते मी थट्टेत म्हटलं होतं गं!"

"थट्टेत," नवशी म्हणाली.

गोठ्यात हरणीने कान हलवले. तिच्या गळ्यात तो पांढरा डबा अजून तसाच होता. नवशी उठली, तिने म्होरकीची गाठ सोडली, नळी बाजूला केली. मग उलट्या हाताने गाईचं ओलं नाक पुसलं आणि तोंडावरचा आपला पदर खाली घेतला. वर्षभरात हर्षाली तिचे ओठ पहिल्यांदा बघत होती. दात सगळे जागेवर होते.

"तुझा भाऊ तापला होता, त्या सांजला मी तुमच्या खोलीवरून गेली. हाक घालत. रोजच्यासारखी. रात्री पोर गेलं. तुझ्या आईनं भगताकडून दाणे बघून घेतले. त्यानं सुपात मंतरलेले दाणे टाकले नि माझं नाव निघालं. म्हणले, हिच्या श्वासानं पोर गेलं. हिच्या तोंडातून निघतं तेच वाईट हाय."

"माझ्या आईने?" हर्षालीच्या हातातली चाळण खाली पडली. लाल दाणे शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरले. "माझ्या…"

"जिचं पोर गेलं तिला काय बोल लावू? पण गुरुजी ओट्यावर बसला होता. दाण्यात काय नसतं हे त्याला ठाव होतं. आम्हा मोठ्यांना रातच्या शाळंत त्यानंच तं शिकवलं होतं. मी त्याच्याकडं बघितलं. मनात म्हटलं, आता बोलंल, आता बोलंल. तो खाली बघत बसला. मंग पाड्यानं सांगितलं, तोंड झाकून चालायचं. हाक घालायची नाय."

हर्षाली सांडलेले दाणे वेचायला खाली वाकली. वडिलांची ती खाली घातलेली मान तिने लहानपणी पाहिली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, ते भावासाठी रडतायत.

"तू गुरुजीची पोर, हे मी पहिल्याच दिवशी वळखलं," नवशी म्हणाली. तिचा हात हरणीच्या गळ्यावरून फिरत होता, डब्याच्या पट्ट्याने केस झिजले होते तिथे. "माझा श्वास कुणी मोजला नाय, बाय. नुसतं नाव घेतलं. हिचा तू मोजणार म्हणालीस. म्हटलं, हिचं तरी नाव निघायला नको. घरात व्हती ती नागली घातली. आन तू पेढे घेऊन आलीस, म्हणालीस, सगळ्यांत चांगला हिचाच…"

पदर हाताशी होता, तरी तिने तो वर घेतला नाही.

"तवा मला वाटलं, त्या टायमाला कुणी माझ्या गळ्यात डबा बांधला असता, तं माझाबी चांगलाच निघाला असता."