आठ शतांश

हवेत पाचशे छत्तीस ग्रॅम भरलेला तुकडा तिने बारीक तारेला अडकवून पाण्यात सोडला, त्याला चिकटलेले बुडबुडे कुंचल्याने झटकले आणि काट्याकडे पाहिलं. तीनशे तीस. तीनशे छत्तीस हवे होते.

“काटाच बिघडलाय मेला,” ती पुटपुटली. काटा तपासला, पाणी बदललं, दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. सहावा झाला तेव्हा काट्यावर आळ घ्यायची सोय उरली नाही. घनता दोन पूर्णांक अडुसष्ट यायची, ती साठावर येऊन बसली होती. फरक आठ शतांशांचा.

कारखान्यात अॅल्युमिनियमचा रस ओतून सुटे भाग बनत. हे तुकडे म्हणजे रुग्णालयातल्या स्ट्रेचरच्या चाकांच्या बैठका. वरून अगदी आरशासारखे. पण रसातला वायू नीट काढला नाही, की आत सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. धातू तोच, अणू तेच, फक्त मधल्या पोकळीमुळे तेवढेच अणू जास्त जागा अडवतात. डोळ्यांना हे दिसत नाही, पाण्यात कळतं. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. कामगार तिला तराजूबाई म्हणत आणि वर हसत, “ही बाई सगळ्यांना पाण्यात पाहते!”

तिने तुकडा उलटा करून शिक्का पाहिला. भट्टी दोन, सकाळची पाळी. दोन नंबरची भट्टी दादाची होती.

दादा तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तिला इथे चिकटवली ती त्यानेच. सहावीत शाळा सुटली, तरी त्याचं कुतूहल सुटलं नव्हतं. डबा खाताना विचारायचा, “चिमे, शिसं एवढं जड, म्हणजे त्याचे अणू जास्त दाटीने बसत असतील ना?”

“उलट रे दादा. तेवढ्याच जागेत शिशाचे अणू कमी मावतात. पण एकेक अणूच अॅल्युमिनियमच्या साडेसातपट जड.”

“म्हणजे आपला मुकादम! एकटाच येतो, पण बाक वाकवतो.”

ती तुकडा फडक्यात गुंडाळून भट्टीकडे गेली. दादा खांबाला टेकून उभा होता. चेहरा घामाने निथळत होता आणि श्वास वाजत होता.

“दादा, वायू किती वेळ काढतोस?”

“नेहमीसारखा. दहा मिनिटं.”

तिने फडकं उलगडलं. तो तुकड्याकडे बघेना. वितळलेल्या रसात नळी बुडवून धुरात दहा मिनिटं उभं राहायचं काम ते. मग म्हणाला, “तीनच मिनिटं होतात गं आता. छाती भरून येते.”

“कधीपासून?”

“झाले दहाबारा दिवस. रोज थोडं थोडं कमी होत गेलं.” तो जवळ सरकला. “पाच महिने राहिलेत माझे निवृत्तीला. मानाने बाहेर पडू दे. उद्यापासून कसंही करून दहा मिनिटं उभा राहतो. आजचं तेवढं...”

“आज तपासलेले सहाच्या सहा हलके आलेत. हे चाक रुग्णालयाच्या उतारावर निखळलं तर? वर झोपलेला माणूस काय करील?”

“तुला या दारातून आत कोणी आणलं, ते विसरलीस. आता मलाही पाण्यात पाहायला लागलीस!” त्याला खोकल्याची उबळ आली. तिने पाठीवर हात ठेवायला पुढे केला, तो त्याने झटकला.

खोलीत परत येऊन ती वहीसमोर बसली. दोन, टिंब, सहा लिहून पेन थांबलं. पुढचा एकच आकडा राहिला होता. लहानपणी तिला ताप आला की हाच दादा तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळायचा. तिने डोळे पुसले, शून्य लिहिलं आणि दहाबारा दिवसांतला सगळा माल अडवायची चिठ्ठी केली. इतके दिवस पेटीमागे एकच तुकडा तपासायचा नियम होता, आणि तो एक कसाबसा बसत होता म्हणून तिनेही विश्वास ठेवला होता. तेही तिने चिठ्ठीत लिहिलं.

चिठ्ठी वाचून कारखान्याचे साहेब धावतच आले. “भट्टी कोणाची?”

“माझ्या भावाची.”

त्यांनी खोलीचं दार लोटलं. “ओलं भंगार आलं होतं, त्या ओलाव्याचा वायू झाला, असं लिहिता येईल. बघा.”

“भंगार कोरडं होतं, साहेब. त्यांना दम लागतो. आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवा.”

डॉक्टरांनी फुप्फुसं निम्मी कामातून गेल्याचं सांगितलं. भट्टीजवळ फिरकायचंही नाही. साहेबांनी गोदामात बसायचं काम देऊ केलं, दादाने नाही म्हटलं. “बसून खायची सवय नाही मला,” एवढंच बोलला. तिच्याशी तर तेवढंही नाही. ती दोनदा त्याच्या घरी गेली. दोन्ही वेळा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वहिनी दारापर्यंत पोचवायला आली.

“केलंत ते बरोबरच केलंत, वन्सं. पण आधी घरी येऊन मला सांगितलं असतंत, तर मीच त्यांना समजावलं नसतं का?”

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली.

महिन्याअखेरीस दादा त्याचं सामान न्यायला आला. भट्टीवरच्यांनी त्याला मिठ्या मारल्या, कोणीतरी त्याच्या जुन्या बुटांवरून थट्टा केली, तो हसलाही. पाळी सुटायची वेळ होती. ती फाटकाबाहेर थांबली. तो तिच्याकडे न पाहता पुढे निघाला, आणि ती चार पावलं अंतर ठेवून मागून चालू लागली. बसचा थांबा रस्त्याच्या टोकाला होता.

वीसेक पावलांवर तो थांबला. वाकून चपलेचा पट्टा चाचपू लागला. पट्ट्याला काहीही झालं नव्हतं. दम लागून त्याचे खांदे वरखाली होत होते.

तीही थांबली. शेजारच्या दुकानाचं शटर ओढलेलं होतं. ती त्याच्याकडे पाठ करून त्या बंद शटरकडे पाहत राहिली, आत काहीतरी विकत घेण्याजोगं मांडलं असावं तशी. मागे चपलेचा आवाज आला, तेव्हाच ती वळली आणि पुन्हा चालू लागली.