हसण्यासाठी ठेवलेली जागा

“दिवा लागला की तोंड मिटायचं, गिरिजा. दिवसभर आपणच बोलत असतो. संध्याकाळी जरा देवाला बोलू द्यावं.”

कधीच्या गेलेल्या सासूबाईंचा आवाज कानात आला आणि गिरिजाबाईंनी नरसाळं घाईनं बाटलीच्या तोंडात बसवलं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर अजून ऊन होतं. दिवा लावायला अवकाश होता, पण फार नाही.

“हळू काकू, ओट्यावर सांडेल,” रुचिता म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात एका पायात चप्पल अडकवून उभी होती.

“ओटा माझा आहे. पुसता येतो मला.”

बाटली लांब मानेची, पांढऱ्या काचेची होती आणि वर परदेशी लेबल होतं. ती मालिकेच्या सामानातली. आत मात्र गिरिजाबाईंच्या माहेरच्या आमसुलांचं कोकम होतं, साखर आणि चिमूटभर जिरेपूड घातलेलं. सेटवर देत असलेल्या रंगाच्या पाण्यानं रुचिताचा घसा धरायचा. तेव्हापासून ही बाटली समोरासमोरच्या दोन दारांतून ये-जा करत होती. रुचिता शूटिंगहून परतली की रिकामी बाटली आपल्या दाराबाहेरच्या चपलांच्या फळीवर ठेवायची. सकाळी गिरिजाबाई ती उचलून सोड्यानं घासायच्या.

“या खेपेला काय करतेय तुझी चंपा?”

“प्रोड्यूसरला इम्प्रेस करतेय. फॉरेनची वाइन म्हणून ग्लास भरून देते, आणि पहिल्याच घोटाला त्याला जोरात ठसका लागतो.”

“मीठ जास्त पडलं असेल.”

“अहो काकू, ठसका स्क्रिप्टमध्येच आहे!”

दोघी हसल्या. रुचिता मोकळ्या तोंडानं हसली, गिरिजाबाई पदर ओठांशी नेऊन.

रुचिता राजापूरकडची. समोरच्या एका खोलीच्या घरात भाड्यानं एकटी राहायची. ‘एकटीचं बिऱ्हाड’ नावाच्या विनोदी मालिकेत ती चंपाचं काम करत होती. चंपाही गावाकडून नटी व्हायला शहरात आलेली, एकटी राहणारी. घरमालकाला दर आठवड्याला नवी थाप मारणारी. घोडबंदरला एका बंगल्यात शूटिंग चालायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी मालिका लागायची. त्या वेळी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कजवळच्या या इमारतीत बहुतेक घरांतून एकच आवाज यायचा. लहान पोरं जिन्यात चंपाच्या थापा म्हणून दाखवायची.

“मला एक सांग,” बाटलीला बूच लावत गिरिजाबाईंनी विचारलं, “तुम्ही काम करता तेव्हा ती माणसं कुठे बसलेली असतात? हसणारी?”

“कोणी नसतं. हसणं नंतर चिकटवतात.”

“मग तुला कसं कळतं कुठे थांबायचं?”

“अंदाजानं. वाक्य टाकायचं आणि गप्प उभं राहायचं. हसण्यासाठी जागा ठेवायची. समोर लाइटवाले जांभया देत असतात.” तिनं दुसरी चप्पल अडकवली. “कधी कधी वाटतं, नसेलच कोणी हसत. तुम्ही हसता का हो, टीव्हीवर बघताना?”

“हसते की. पदराआड.”

“ते मला काय ऐकू येणार? एकदा सेटवर या. माझ्यासमोर बसून खरं हसा.”

“शूटिंग संध्याकाळचं. माझं मौन असतं.”

“हसणं म्हणजे काय बोलणं आहे?”

गिरिजाबाईंनी नरसाळं धुवायला घेतलं. हा प्रश्न त्यांनी सासूबाईंना कधी विचारला नव्हता. “येईन एकदा,” त्या म्हणाल्या. “शब्द नाही बोलणार. पण येईन.”

रुचिता बाटली पिशवीत घालून जिना उतरली आणि गिरिजाबाईंनी वात वळायला घेतली.

चातुर्मासात कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं. गिरिजाबाई लग्न होऊन गिरगावच्या खोलीत आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना बोलणं सोडायला लावलं होतं. दिवा लावल्यापासून निजेपर्यंत एकही शब्द नाही. पहिल्या वर्षी त्या उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या. मग हळूहळू ती शांतता त्यांची स्वतःची झाली. दिवसभर राहून गेलेलं, बोलता न आलेलं, सगळं त्या वेळेत देवापाशी जायचं. सासूबाई गेल्या, गिरगाव सुटलं, मीरा रोडला घर झालं. व्रत तेवढं बरोबर आलं होतं.

एका सकाळी गिरिजाबाई देवळात गेल्या होत्या. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरची स्वाती वर्गणीसाठी दारं वाजवत तिसऱ्या मजल्यावर आली. चपलांच्या फळीवर लांब मानेची बाटली होती आणि तळाशी लाल थेंब. स्वातीनं दार वाजवलं नाही. ती तशीच खाली उतरली.

दुपारपर्यंत सूचनाफलकावर कागद लागला. रविवारी संध्याकाळी सभा. विषय : तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरू.

गिरिजाबाईंचे यजमान काशीनाथ सोसायटीचे खजिनदार. दुपारी जेवताना गिरिजाबाईंनी विषय काढला.

“सभा दुपारी ठेवा ना.”

“लोकांना सुट्टीचा एकच दिवस. दुपारी झोपतात.”

“मग तुम्ही सांगा. बाटलीत काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं रोज तुम्हीच पिता.”

काशीनाथांनी भात कालवला. “आपण कशाला मध्ये पडायचं? मला कमिटीवर राहायचंय.”

“तिला घरात राहायचंय.”

“बघू,” काशीनाथ म्हणाले.

मधल्या दिवसांत गिरिजाबाई स्वातीकडेही गेल्या. दाराला कुलूप होतं, ती माहेरी विरारला गेली होती. रविवारी सभेच्या वेळेलाच परतली.

गिरिजाबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन बायकांच्या रांगेत बसल्या. काशीनाथ समोर टेबलापाशी होते. सेक्रेटरी गुणवंतभाई मधल्या खुर्चीत.

“देखो, अपना किसी से झगडा नहीं,” गुणवंतभाई म्हणाले. “पण फॅमिली सोसायटी आहे ना. मालक मस्कतला. उद्या काय झालं तर जवाब कोण देणार?”

“मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय,” स्वाती उठून म्हणाली. “लाल! अजून थेंब होते आत. आमच्या मुली त्याच जिन्यानं जातात.”

“टीव्हीवर पण तर तेच करते,” मागून कोणीतरी म्हणालं.

“टीव्हीवर ठीक आहे हो. आमच्याकडे सासरे पण बघतात, पोट धरून हसतात. पण ती तिकडे टीव्हीत असते. इथे राहणं वेगळं.”

त्या दिवशी शूटिंग लवकर आटपलं होतं; तेवढ्यात फाटकातून रुचिता आली. चेहऱ्यावर अजून रंग होता आणि खांद्याला पिशवी. खुर्च्या बघून ती खांबापाशी थांबली.

“आओ बेटा,” गुणवंतभाईंचा आवाज मऊ होता. “वो बॉटल आपका है?”

“हो.”

“त्यात काय होतं?”

रुचितानं गिरिजाबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. गिरिजाबाईंना कळलं. पोरगी ‘कोकम’ म्हणाली तर पुढचा प्रश्न येणार, कुठून आणलं? मग सगळे आपल्याकडे वळणार, आणि दिवा तर लागलेला होता.

“माझ्या घरात काय असतं, ते मी पार्किंगमध्ये उभी राहून सांगणार नाही,” रुचिता म्हणाली.

“बघा, बघा! ऐकलंत?” स्वाती म्हणाली. “केवढा तो तोरा!”

गिरिजाबाईंनी काशीनाथांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता. सदऱ्याच्या टोकानं एक काच पुसली, दुसरी पुसली. मग पुन्हा पहिली. त्यांना कसलंही व्रत नव्हतं.

“तर मग, सगळ्यांची संमती असेल तर,” गुणवंतभाई म्हणाले, “महिनाअखेर घर खाली…”

“कोकम आहे ते.”

आधी कोण बोललं तेच कोणाला कळलं नाही. गिरिजाबाई उभ्या राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत चातुर्मासात या वेळेला त्यांचा आवाज त्यांनी स्वतःही ऐकला नव्हता. तो जरा घोगरा होता, पण फुटला नाही.

“बाटली मी भरते. सकाळी मीच घासते. आमसुलं माझ्या माहेरची आहेत. ह्यांना विचारा, हे रोज पितात.”

सगळे काशीनाथांकडे वळले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान हलवली.

“पण भाभी,” गुणवंतभाई चाचरले, “आपका तो इस टाइम मौन होता है ना?”

“होतं,” गिरिजाबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत कोणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. खुर्च्या सरकू लागल्या. विषय मिटला असं समजून बायका उठायला लागल्या. गिरिजाबाई मात्र बसल्या नाहीत.

“थांबा. मोडलंच आहे, तर पुरतं बोलते. समजा, नसतं कोकम. तरी काय? दार तिचं आहे. कुलूप तीच लावते, तीच उघडते. भाडं देते, कष्ट करते. तिच्या फळीवर काय आहे ते वाकून बघायला आपल्याला कोणी नेमलंय?”

“काकू!” स्वाती चक्रावून म्हणाली. “तुम्ही देवाधर्माच्या बाई असून असं बोलता?”

“आहे म्हणूनच बोलते. देव कुणाच्या दारातल्या बाटल्या हुंगत फिरत नाही, गं.”

यावर कोणी हसलं नाही. खांबापाशी रुचिता ताठ उभी होती. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या रंगातून वाट काढत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

सभेत ठराव झालाच नाही. पण मस्कतला फोन आधीच गेला होता. मालक घाबरला होता. तुमचं सगळं खरं असेल, तो रुचिताला म्हणाला, पण मला कटकट नको. महिनाअखेर घर रिकामं करा.

त्या रात्री काशीनाथ म्हणाले, “आईनं दिलेलं व्रत मोडलंस.”

“मोडलं,” गिरिजाबाई म्हणाल्या. “तुम्ही तोंड उघडलं असतं तर राहिलं असतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. सासूबाईंच्या तसबिरीपुढे उभं राहून क्षमा मागितली नाही. काय झालं ते फक्त सांगितलं, पहिल्यापासून, सासूबाई समोर बसल्या असत्या तर सांगितलं असतं तसं. संध्याकाळी दिवा लावला आणि पुन्हा तोंड मिटलं. ती शांतता जिथल्या तिथे होती. त्यांना वाटलं होतं, रुसेल. रुसली नव्हती.

सामान बांधताना रुचिताला त्या म्हणाल्या, “मागची खोली रिकामीच आहे आमची. ह्यांना मी बघते. ये तू.”

“काकू, तुमच्याकडे आले तर पाटावर बसवून खायला घालाल. दोन महिन्यांत मी लेक होऊन बसेन.” तिनं गादीची गुंडाळी दोरीनं आवळली. “मला एकटीचं बिऱ्हाडच हवंय. समुद्राकडच्या डोंगरी गावात खोली मिळालीय. आजीबाई आहेत घरमालकीण. म्हणाल्या, भाडं वेळेवर दे, बाकी आमाला काय करायचा हाय?”

“शहाणी दिसतेय बाई.”

“शूटिंगला लांब पडेल. पण आता शूटिंग तरी किती राहिलंय? मालिका बंद करतायत, काकू. कालच सांगितलं.”

गिरिजाबाईंनी दोरीच्या गाठीवर बोट धरून ठेवलं, रुचितानं दुसरी गाठ मारली.

घर रिकामं झालं. चपलांची फळीही गेली, भिंतीवर तिचा चौकोनी डाग राहिला. बाटली मात्र गिरिजाबाईंकडेच राहिली होती, घासून पालथी ठेवलेली.

मग एका दुपारी फोन आला.

“काकू, उद्या शेवटचा सीन. दिवेलागणीच्या सुमाराला सुरू होईल. चंपा सामान घेऊन निघते आणि घरमालकाला शेवटची थाप मारते. ते वाक्य टाकून मी थांबणार आहे. नेहमीपेक्षा जास्त थांबणार आहे.”

“मध्येच कोणी हसलं तर तुमचं बिघडणार नाही?”

“डायरेक्टरांना विचारलंय. म्हणाले, शेवटचाच एपिसोड आहे, एक तरी हसू खरं असू दे.”

दुसऱ्या दिवशी उन्हातच गिरिजाबाई नाक्यावर गेल्या. देवळापाशी उभा राहणारा रामू रिक्षावाला ओळखीचा होता.

“रामू, शाम को नीचे आना. घोडबंदर जाने का है, शूटिंग का बंगला. अभी सब बोल के रखती हूँ, तब मैं कुछ नहीं बोलेगी.”

“मालूम है माताजी,” रामू म्हणाला. “आपका चौमासा है.”

परतल्यावर त्यांनी बाटली भरली, बूच लावलं, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. इस्त्रीचं पातळ नेसल्या. टाकीवरचं ऊन गेलं तशी वात पुढे सारली, दिवा लावला आणि हात जोडले.

काशीनाथ दारातच होते. “आता? या वेळेला? कुठे निघालीस?”

उत्तर मिळणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या लांब मानेवर गेली. ते दारातून बाजूला झाले.

जिन्यात स्वाती वर येत होती. ती थांबली. पिशवीकडे बघून तिनं भिंतीशी सरकून वाट दिली. गिरिजाबाईंनी मान हलवली आणि रोजच्याच चालीनं उतरल्या.

फाटकाबाहेर रामूनं काहीही न विचारता रिक्षा सुरू केली. गिरिजाबाईंनी पिशवी मांडीवर नीट उभी धरली. मग पदराचं टोक हातात घेतलं आणि कमरेला घट्ट खोचलं. आज ते तोंडाशी न्यायचं नव्हतं.