कैतानच्या उंचीची मेणबत्ती

माझा नवरा कैतान इगर्जीत प्रार्थनेला बसला की इतक्या मोठ्याने रडायचा, की बाळकुमच्या बाया आपापली पोरं सावरायच्या. देवावर फार प्रेम हो त्याचं! घरी मात्र काही सांगितलं, की या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा.

आमच्या लुसीचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने देवाला वाहायला मुंबईहून आपल्या उंचीची मेणबत्ती आणली. आगगाडीत तिला मांडीवर घेऊन बसलेला म्हणे. मिरवत मिरवत ठाण्याला पाद्रीबाबांकडे नेली, मला सोबत घेऊन.

"भावाशी बोललास का?" पाद्रीबाबांनी विचारलं.

झालं! तोंड एवढंसं झालं. थोरला भाऊ बस्त्याव आमच्या शेजारीच राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डुकराने आमची वांगी उकरली. कैतानने डुक्कर मारलं, शिजवलं, आणि वर तोंड करून सांगितलं, की ते खाडीत बुडालं. तेव्हापासून बोलणं बंद. आता लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायचं आणि नवरीला न्हाऊ घालायचं, ही आमची रीत. विहीर नेमकी बस्त्यावच्या अंगणात! त्यात लुसी हट्टाला पेटलेली. बाप्तिस्म्याला ज्या काकाने मला हातावर धरलं, तो आला नाही तर मी इगर्जीची पायरी चढणार नाही, म्हणाली.

"पाद्रीबाबा, त्यापेक्षा मी बाळकुमपासून गुडघ्यांवर येतो," कैतान म्हणाला.

"देवाने तुझे गुडघे मागितलेत का रे? आधी भावाशी समेट कर, मग अर्पण आण, असं तो सांगतो. प्रेम आहे ना त्याच्यावर? मग त्याचं ऐक. ने ही मेणबत्ती घरी."

"पण मनातून राग जात नाही हो."

"मन येईल मागून. आधी पाय ने."

घरी येऊन मेणबत्ती कोपऱ्यात उभी केली आणि रोज तिच्याकडे बघत बसला. मी म्हटलं, "बघतोस काय? ती जाणार आहे का बोलायला?"

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजंत्री दारात आली. ढकलायला म्हणून मी हात पुढे केला, तर हा आधीच निघालेला.

बस्त्याव अंगणात बसलेला.

"डुक्कर मी खाल्लं," कैतान म्हणाला.

"माहीत आहे. वास आमच्याकडेच येत होता."

"माफ कर मला. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याने सांगितलंय म्हणून आलो." आणि बोट वर केलं.

बस्त्याव उठून विहिरीपाशी गेला. मग म्हणाला, "सांगितलं तर मलाही होतं त्याने. तू आधी ऐकलंस." आणि विहिरीचा दोर कैतानच्या हातात दिला.

दोघांनी मिळून पाणी ओढलं. कैतान रडत होता, आणि आवाज काही येत नव्हता. त्या मेल्याची इतकी माया मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी इगर्जीत मेणबत्ती लागली. लुसी एका हाताने बापाला आणि दुसऱ्या हाताने काकाला धरून आत शिरली. लग्न लावून घरी परतलो, तर दारात डुकराचं पिल्लू बांधलेलं, गळ्यात झेंडूची माळ.

कुंपणापलीकडून बस्त्याव ओरडला, "कैतान, या वेळी विचारून खा रे!"