अमेरिकेची पिशवी

साठच्या दशकात अमेरिकेने मुंबईला पाठवलेल्या धान्याबद्दल श्रेयाकडे कागदांचा गठ्ठा होता. सगळा अमेरिकन सरकारच्या वेबसाइटवरून उतरवलेला. कुठल्या बंदरातून काय निघालं, कुणी सही केली, कुणी तक्रार केली, सगळं त्यात होतं. एम.ए.चा प्रबंध अमेरिकेच्या इतिहासावर, तेव्हा मूळ साधनं अमेरिकेतलीच असणार, असं तिला वाटत होतं. तिच्या मार्गदर्शक कालिंदी मॅडमना तसं वाटत नव्हतं.

"हे कुणीही उतरवून घेईल," त्या म्हणाल्या. "धान्य जिथे पोचलं तिथलं एक तरी मूळ साधन सोमवारी आण. नाहीतर विषय बदलू. मुंबईतल्या गटारांवर अजून कुणी काम घेतलेलं नाही."

श्रेयाची आजी लालबागला चाळीतल्या बालवाडीत अमेरिकन दलिया शिजवून मुलांना वाटायची. आजी आता नव्हती. श्रेयाने कौसल्या आत्याला फोन केला.

"दलियाची रिकामी पिशवी आहे की," आत्या म्हणाली. "माळ्यावर वरवंटा गुंडाळलाय तिच्यात. वर हात छापलेत. हातात हात."

"आत्या, फोटो पाठव ना."

फोटो आला. त्यात आत्या नवी साडी नेसून उभी होती आणि पिशवी घडी करून काखेत होती, छापलेली बाजू आत.

शनिवारी श्रेया लालबागला गेली तेव्हा पिशवी टेबलावर तयार होती. सोड्याच्या पाण्यात उकळलेली, नीळ घातलेली, इस्त्री केलेली. उसवलेली कडही आत्याने शिवून टाकली होती. कापडावर एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"धुतलीस?"

"मग काय तशीच देऊ? युनिव्हर्सिटीत जायची ती. झुरळांची घाण होती नुसती. शाई मात्र भारी चिवट हो. दोनदा उकळली तेव्हा कुठे गेली."

श्रेयाने पिशवी खिडकीशी नेली आणि उजेड तिरपा पडेल अशी धरली. मग मागून मोबाइलचा टॉर्च लावून पाहिला. धागे सरळ होते, एकसारखे होते, आणि निळीखेरीज त्यांत काही नव्हतं.

"राहिलंय का कुठे मळकं?" आत्याने विचारलं.

"नाही. काहीच राहिलं नाही."

चहा झाल्यावर श्रेयाने तिच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. "काय छापलं होतं ते काढून दाखव."

आत्याने दोन हात काढले, एकमेकांत धरलेले. एका मनगटात बांगड्या काढल्या. श्रेयाने मोबाइलवर मूळ छाप शोधला. ढाल, तारे, पट्टे आणि खाली दोन हात. दोन्ही मनगटं मोकळी.

"यात बांगड्या नाहीत, आत्या."

आत्याने चष्मा लावून पाहिलं. "ही त्यांच्याकडची पिशवी. आपल्या पिशवीवर होत्या."

सोमवारी श्रेयाने मॅडमच्या टेबलावर पिशवी, आत्याचं चित्र आणि मूळ छाप शेजारी शेजारी मांडले आणि झालं ते सांगितलं. मॅडमनी पिशवी उलटी करून पाहिली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. चित्र मात्र त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"बांगड्या कुणाच्या हातात आहेत? देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?"

श्रेयाने ते विचारलं नव्हतं.

"विचार. त्यावर विषय ठेवायचा की नाही ते ठरवते."

श्रेयाने व्हरांड्यातून फोन लावला.

"देणाऱ्याच्या," आत्या म्हणाली. "तुझी आजीच वाटायची ना. आणखी कोण देणार?"

"मग दुसरा हात?"

"पोरांपैकी कुणाचा तरी."

"आणि अमेरिकेचा?"

"अमेरिका कशाला येतेय वाटायला?"

श्रेयाने आत जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी विषयाच्या अर्जावर सही केली.

"आत्यांचं पूर्ण नाव आणि वय लिहून घे," त्या म्हणाल्या. "तळटिपेत लागेल."