दोन हजार उल्लेखांचे डॉक्टर

दवाखान्याच्या बोळातून माणसं उलटी चालत आत येत होती. वळून बघायचं नाही, थांबायचं नाही, पाठ पुढे करून नुसतं सरकत राहायचं. कुणी खांबावर आपटत होतं, कुणी दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन "माफ करा हं" म्हणत होतं. पण हे असं का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण आत भिंतीवर भलामोठा पडदा होता, आणि डॉक्टरांच्या संशोधनाचा जगभरातल्या लेखांत किती वेळा उल्लेख झाला तो आकडा त्यावर झळकत होता. दोन हजारांच्या वर! आकडा वाढला की घंटा वाजायची आणि अख्खी खोली हात जोडायची.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई आपल्या धाकट्या भावाला खेटून बसल्या होत्या. भाऊ शिंपी होता. उदासीचा आजार जुना. एकदा दुकान उघडं टाकून निघून गेला, तेव्हा लोकांनी त्याला पुलावरून परत आणला होता. तेव्हाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सावरला, पुन्हा मशीनवर बसला. आणि महिन्यापूर्वी या डॉक्टरांनी फर्मान काढलं: गोळ्या बंद, रोज उलटं चाला. मन म्हणे दुःखाच्या आधीच्या जागी जाऊन पोचतं! तेव्हापासून त्याची झोप गेली, जेवण गेलं. काल त्यानं हळूच विचारलं, "ताई, इथून पूल किती लांब गं?" म्हणून आज बाई स्वतः त्याला घेऊन आल्या होत्या.

डॉक्टर आले. स्वतः मात्र सरळ चालत आले.

"डॉक्टर, याच्या गोळ्या पुन्हा सुरू करा," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमचा कुठे कधी उल्लेख झालाय?"

"होतो की. शाळेच्या हजेरीत, रोज."

खोलीत खसखस पिकली. डॉक्टरांनी भिंतीवरच्या चौकटींकडे बोट केलं. "माझे एकशे साठ लेख प्रसिद्ध झालेत!"

बाईंनी वाचलं. 'उलटे चालणे आणि उदासी'. शेजारी 'उदासी आणि उलटे चालणे'. त्याखाली 'उदासी व उलटे चालणे: एक पुनर्विचार'.

"छान. आणि ते जे दोन हजार जण उल्लेख करतात, ते म्हणतात काय?"

डॉक्टरांचा मदतनीस कानाला हात लावत म्हणाला, "अहो बाई, उल्लेख मोजायचे असतात! वाचतं का कुणी?"

तेवढ्यात घंटा वाजली. सगळ्यांचे हात जोडले गेले. बाई तेवढ्या उठल्या आणि त्यांनी थेट त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हात लावू नका!" डॉक्टर ओरडले.

पण बोट लागताच पडद्यावर उल्लेखांची यादी उघडली होती. आत्ताच आलेला उल्लेख सर्वांत वर होता. बाईंनी वर्गात वाचतात तसा खणखणीत आवाजात वाचला: "मनाच्या आजारांवर संशोधन कसं करू नये, हे पाहायचं असेल तर या डॉक्टरांचा लेख पाहा." त्याखालचा वाचला: "हा उपाय करताना आमचे सात रुग्ण जिन्यावरून पडले. बरा एकही झाला नाही." त्याच्याही खालचा: "हे गृहस्थ अजून मोकळे कसे?"

"अहो, पण उल्लेख झाला ना!" डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

एक निवृत्त पोस्टमन हळूहळू उभे राहिले. "म्हणजे इतके दिवस आम्ही शिव्यांना हात जोडत होतो?"

"तरी पण," एक गृहस्थ म्हणाले, "दोन हजार शिव्या खाणारा माणूस साधासुधा नसणार."

"तुम्ही घरी चला," त्यांची बायको म्हणाली, "तुम्हालाही मोठं करते."

लोक हसले. भाऊ हसला नाही. तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "ताई, आधीच्या डॉक्टरांना फोन लाव. मला जगायचंय गं."

बाईंना रडूच फुटलं. रडत रडतच त्यांनी फोन लावला. आधीचे डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या. मागून एक सासूबाई पुढे आल्या. "माझ्या सुनेच्याही गोळ्या बंद केल्यात हो. तो नंबर मलाही द्या." मग आणखी चारजण आले. बाईंनी सगळ्यांना नंबर दिला आणि दारातून एवढंच म्हणाल्या:

"बाबांनो, उद्या कुणी मोठा आकडा दाखवून तुमच्या माणसाचं औषध काढून घ्यायला लागला, तर हात जोडू नका. किती जण बरे झाले ते दाखवा म्हणा. आणि तो दाखवेपर्यंत आपल्या माणसाला एकटं सोडू नका."